धोट्याची इजा आणि अपिलाची वाट

उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांतून जाताना यंत्रमागांची खडखड कानी पडत नाही असा रस्ता विरळाच. धुळे, नंदुरबार, जळगाव या जिल्ह्यांतून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस आलेल्या अनेक मराठी कुटुंबांची चूल याच खडखडाटावर पेटते. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे वडील, काका किंवा मामा मागावर अथवा रंगाईच्या कारखान्यात काम करीत असतील. म्हणूनच या अंकात एका रूक्ष वाटणाऱ्या, पण घराच्या अगदी उंबरठ्याशी येऊन ठेपणाऱ्या विषयाविषयी चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे. कामावर इजा होऊन अपंगत्व आले, त्याबद्दलच्या भत्त्याचा अर्ज केला, आणि तो नाकारला गेला किंवा फारच थोडा मंजूर झाला, तर पुढे काय करावयाचे, हा तो विषय होय.

प्रथम या भत्त्याची जन्मकथा थोडक्यात सांगू. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सरकारने १९४३ साली प्रा. बी. पी. अदारकर यांजकडे सोपविले व त्यांनी १९४४ साली आपला अहवाल सादर केला. त्याच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा प्रारंभ झाला. कामगाराच्या वेतनातून थोडी वर्गणी कापावयाची, मालकाने तिच्यात अधिक मोठी भर घालावयाची, आणि आजार, बाळंतपण, इजा अशा प्रसंगी त्या निधीतून साहाय्य द्यावयाचे, अशी तिची रचना आहे. १ जुलै २०१९ पासून कामगाराचा वाटा शेकडा पाऊण व मालकाचा शेकडा सव्वातीन असा ठरला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. तथापि भत्त्याचा व अपिलाचा गाभा पुष्कळसा तोच राहिला आहे.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. कायद्याच्या एका परिशिष्टात माणसाच्या अवयवांचा जणू दरपत्रकच दिला आहे. वाचताना अंगावर काटा येतो, पण तो वाचलाच पाहिजे. अंगठा गेला तर कमावण्याच्या शक्तीची हानी शेकडा ३०. तर्जनी समूळ गेली तर १४. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. मागावरचा धोटा उडून डोळ्यावर बसला व दुसरा डोळा धड असताना तो डोळाच गमवावा लागला, तर शेकडा ४०. डोळ्याचे बुबुळ जागेवर राहिले, विद्रूपता आली नाही, पण दृष्टी मात्र गेली, तर ३०.

हा दहाचा फरक केवढा, ते हिशेबाने पाहू. समजा, एका विणकराची सरासरी रोजची मजुरी ५०० रुपये आहे. तिच्या शेकडा ९० म्हणजे ४५० रुपये. चाळीस टक्के हानी ठरली, तर त्याला रोज १८० रुपये मिळतील. तीस ठरली, तर १३५. रोजचे ४५, महिन्याचे १,३५० रुपये, आणि तेही एक-दोन वर्षे नव्हे, तर जन्मभर. वैद्यकीय मंडळासमोर काही मिनिटांत लिहिला जाणारा एक आकडा घरातील मुलाच्या शिक्षणाचा निकाल लावू शकतो, तो असा.

अर्ज नाकारला जाण्याचे प्रकार मूलतः दोन आहेत, आणि ते वेगळे ओळखणे हीच अर्धी लढाई आहे. इजा कामामुळे झाली हेच मान्य नाही, किंवा कामगाराची नोंदच नव्हती, असे म्हटले जाते तो पहिला प्रकार. हा वाद डॉक्टरांचा नव्हे, कायद्याचा आहे. तो कामगार विमा न्यायालयात न्यावा लागतो. येथे कायद्याने कामगाराच्या बाजूने एक गृहीत धरून ठेवले आहे: काम चालू असताना अपघात घडला असेल, तर विरुद्ध पुरावा नसेपर्यंत तो कामामुळेच घडला असे मानावयाचे. दुसरा प्रकार टक्केवारीचा. इजा मान्य, पण कायमचे अपंगत्व नाही किंवा ते अत्यल्प आहे, असा निर्णय वैद्यकीय मंडळ देते. त्याविरुद्ध वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते व तेथून पुढे विमा न्यायालयाकडे. किंवा सरळ विमा न्यायालयाचेच दार ठोठावता येते. मंडळाने दिलेला आकडा तात्पुरता आहे की अंतिम, हेही कागदावर पाहून घ्यावे. अंतिम आकड्यानंतरही इजेने अनपेक्षितपणे गंभीर वळण घेतले, तर फेरतपासणी मागण्याची सोय आहे.

परिशिष्टातला आकडा म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा दावा आला होता. तो १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालचा होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. परिशिष्टाच्या मापाने ही संपूर्ण हानी नव्हे, असे मालकाचे म्हणणे होते. न्यायालयाने विचारले ते इतकेच की, एका हाताने सुतारकाम होते काय? आणि भरपाई संपूर्ण अपंगत्वाचीच कायम झाली. रंधा धरणाऱ्याचा हात आणि पत्रे लिहिणाऱ्याचा हात यांचे मोल वैद्यकशास्त्राला एकच वाटेल. चुलीला ते एक वाटत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या मराठी मुलखातली आहे, आणि ती आम्हांस अधिक चटका लावून गेली. उस्मानाबाद जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला, आणि कारखाना सुमारे पाच किलोमीटर उरला असता अपघातात दगावला. मागे विधवा, चार मुले व म्हातारी आई. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये भरपाई दिली. पुढे उच्च न्यायालयाने ती २०११ मध्ये रद्द केली, कारण अपघात कामावर नव्हे, वाटेवर घडला. असाच एक दावा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एका विमेदार कामगाराविरुद्ध निकालात काढला होता. परंतु २०१० मध्ये संसदेने विमा कायद्यात दुरुस्ती केली: घर आणि कामाची जागा यांच्यामधील अपघातही, वेळ, स्थळ व काम यांचा संबंध जुळत असल्यास, कामावरचाच समजावा. त्या दुरुस्तीचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी पहारेकऱ्याच्या कुटुंबाची भरपाई पुन्हा कायम केली. बावीस वर्षे लोटली होती. हा न्याय झाला हे खरे, पण तेवढ्या काळात त्या घरातील मुले पोरवयातून प्रौढपणी आली असतील, हेही विसरता येत नाही.

मुदतीविषयी मात्र हयगय नको. जुन्या कायद्याखालील नियमांत वैद्यकीय मंडळाचा निर्णय कळल्यापासून अपिलास तीन महिने मिळत. आता हाती आलेल्या निर्णयपत्रावर जी मुदत असेल ती पाहावी आणि तारीख भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवावी. निर्णय तोंडी ऐकून परत येऊ नये. लेखी प्रत मागावी. अपघाताच्या दिवशीच कारखान्याच्या अपघात-नोंदवहीत नोंद झाली की नाही, दवाखान्याच्या पहिल्या कागदावर "कामावर इजा" असे शब्द आहेत की नुसतेच "डोळ्यास इजा", शेजारच्या मागावरील कोणी पाहिले होते, हे त्याच आठवड्यात पक्के करावे. विमा न्यायालयात वकीलच लागतो असे नाही. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो. मागांच्या आवाजाने हळूहळू बहिरेपण येते, ते अपघात नव्हे म्हणून लोक गप्प बसतात. परंतु आवाजाने येणारे बहिरेपण व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे.

दहांहून कमी कामगार असलेल्या छोट्या कारखान्यांचा प्रश्न निराळा आहे, आणि सुरतेत तो लहानसहान नाही. असा कारखाना विमा योजनेत नसेल, तर मालकाकडूनच नुकसानभरपाई मागावी लागते. तो दावा सक्षम अधिकाऱ्यापुढे चालतो.

बहुतेक कागद गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत असतात. मागावर बारा तास उभे राहून आलेल्या माणसाला ते रात्री कोण वाचून दाखविणार? आठवी-नववीतील मुला-मुलींनी आज घरी गेल्यावर वडिलांचे विमापत्र मागून घ्यावे, त्यावरील नाव, जन्मतारीख व घरच्या माणसांची नोंद बरोबर आहे का ते पाहावे, आणि क्रमांक वहीत उतरवून ठेवावा.