विश्लेषण : कॉपर पेप्टाइडने सुरकुत्या जातात का? विरळ केस पुन्हा दाट होतात का?

सुरकुत्या कमी आणि केस दाट करण्याचा दावा करणारी ‘कॉपर पेप्टाइड’ची निळसर सीरम सध्या मोबाइलवरील जाहिरातींत सर्रास दिसतात. इंदापूर तालुक्यातील लोणी देवकरसारख्या महामार्गालगतच्या गावातही ती घरपोच मागवता येतात. काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत किंमत असलेल्या या बाटलीमागे संशोधन आहे, पण दाव्यांइतके ते भक्कम नाही. त्वचेबाबत थोडा आधार आहे, केसांबाबत फारच कमी आणि इंजेक्शनबाबत धोका अधिक. शिवाय सीरमच्या भरवशावर राहून केसगळतीचे खरे कारण शोधायचे राहून गेले, तर पैशांबरोबर वेळही जातो.

कॉपर पेप्टाइड म्हणजे काय?

प्रथिने ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. त्याच साखळीचा छोटा तुकडा म्हणजे पेप्टाइड. सीरममधील पेप्टाइडमध्ये ग्लायसीन, हिस्टिडीन आणि लायसीन अशी तीनच अमिनो आम्ले असतात. त्याला ‘जीएचके’ म्हणतात. तांब्याचा अणू त्याला जोडला गेला की ते कॉपर पेप्टाइड होते. बाटलीवर त्याचे नाव ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-१’ असे असते.

निळा रंग येतो तो तांब्यामुळे. डाळिंबाच्या बागेत बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांना हा रंग ओळखीचा आहे. मात्र फवारणीतले मोरचूद आणि हे पेप्टाइड यांत तांबे सोडले तर काहीच साम्य नाही. मोरचूद त्वचेला आणि डोळ्यांना इजा करते, त्यामुळे त्याचा कोणताही घरगुती प्रयोग करू नये.

शोध कसा लागला?

अमेरिकी शास्त्रज्ञ लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ मध्ये मानवी रक्तद्रवातून जीएचके वेगळे केले. तरुणांच्या रक्तद्रवात ठेवलेल्या वयस्कर यकृतपेशी तरुण पेशींसारखी प्रथिने बनवतात, असे त्यांना आढळले होते. त्यामागचा घटक शोधताना हे पेप्टाइड हाती लागले. रक्तद्रवातील त्याचे प्रमाण विशीत मिलिलिटरमागे सुमारे २०० नॅनोग्रॅम असते आणि साठीपर्यंत ते सुमारे ८० पर्यंत उतरते, असे संशोधनात नोंदवले गेले. ‘वयानुसार घटणारे बाहेरून भरून काढा’ हा जाहिरातींचा युक्तिवाद इथूनच आला. पण रक्तातील प्रमाण घटते एवढ्यावरून त्वचेवर लावल्याने ते भरून निघते, असे सिद्ध होत नाही.

त्वचेसाठी उपयोग होतो का?

प्रयोगशाळेत हे पेप्टाइड कोलॅजन तयार करणाऱ्या पेशींना चालना देते, असे दिसले आहे. त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन म्हणजे कोलॅजन. माणसांवरील अभ्यास मात्र छोटे आहेत. २००२ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत मांडलेल्या अभ्यासात उन्हामुळे त्वचा खराब झालेल्या ७१ महिलांनी १२ आठवडे कॉपर पेप्टाइडचे क्रीम वापरले. त्यात बारीक सुरकुत्या आणि सैलपणा कमी झाल्याचे नोंदवले गेले. मोठ्या आणि दीर्घकाळ चाललेल्या चाचण्यांचा आधार अजून मिळालेला नाही.

दुसरी अडचण त्वचेत शिरण्याची आहे. त्वचेचा वरचा थर सहसा ५०० डाल्टनपेक्षा लहान रेणूंनाच आत जाऊ देतो. कॉपर पेप्टाइडचे वजन साधारण ४०० डाल्टन, म्हणजे मर्यादेच्या आत आहे. मात्र ते पाण्यात विरघळणारे आहे आणि हा थर तेलकट आहे. त्यामुळे लावलेल्यापैकी थोडेच आत पोहोचते.

उसाच्या फडात, बागेत किंवा दुचाकीवर दिवसभर उन्हात असणाऱ्यांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या आणि डाग यांमागे वयापेक्षा उन्हाचा वाटा मोठा असतो. टोपी, रुमाल किंवा ओढणी आणि किमान एसपीएफ ३०चे सनस्क्रीन हा त्यावरचा पहिला उपाय. तो नसेल, तर महागडे सीरमही फारसे कामाचे नाही.

केसांचे काय?

इथे पुरावा आणखी कमी आहे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २००७ मध्ये मानवी केसांची मुळे प्रयोगशाळेत वाढवून पाहिली. तांबे जोडलेल्या पेप्टाइडमुळे त्यांची वाढ सुधारल्याचे त्यांना दिसले. पण तो प्रयोग काचेच्या भांड्यातला होता आणि त्यातील पेप्टाइडही जीएचके नव्हे, त्याचे भावंड होते. केसगळतीवरील औषध म्हणून कॉपर पेप्टाइडला अमेरिकेच्या एफडीएची मान्यता नाही.

त्याउलट, आनुवंशिक टक्कल पडण्यावर डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल १९८८ पासून आणि पुरुषांसाठी फिनास्टेराइडची गोळी १९९७ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे. मिनॉक्सिडिलचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळू शकतात, म्हणून अनेक जण ते मध्येच सोडतात. फिनास्टेराइडमुळे काही पुरुषांत लैंगिक दुष्परिणाम होतात आणि गर्भवती महिलांसाठी ती धोकादायक आहे. त्यामुळे दोन्ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

मग काहींना फरक का जाणवतो?

डेंग्यू, चिकुनगुन्या, टायफॉइडसारखा ताप किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात. ही गळती बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. नेमक्या याच काळात सीरम सुरू केले, तर श्रेय बाटलीला मिळते.

दुसरे मोठे कारण रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार यांमुळेही केस गळतात. ही कमतरता कोणत्याही सीरमने भरून निघत नाही.

कारण आधी शोधणे का महत्त्वाचे, हे बुलडाणा जिल्ह्यात दिसले. २०२४च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत काही दिवसांतच लोकांचे केस गळून टक्कल पडले. सुरुवातीला पाण्यावर आणि बुरशीवर संशय होता. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासणीत मात्र रेशनच्या गव्हातील सेलेनियमचे जास्त प्रमाण हे कारण असल्याचे त्यांनी सांगितले. सेलेनियमही तांब्यासारखेच शरीराला अत्यल्प लागते. जास्त झाले तर तेच अपाय करते.

तांब्याच्या भांड्यातील पाणी चालेल का?

त्या पाण्यात उतरते ते तांबे, पेप्टाइड नव्हे. त्यामुळे सुरकुत्या किंवा केसांसाठी त्याचा सीरमसारखा परिणाम होईल, असे मानायला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम ठेवली आहे. ताक, लिंबूपाणी असे आंबट पदार्थ तांब्याच्या भांड्यात ठेवू नयेत. त्यात तांबे जास्त उतरते आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात.

इंजेक्शन घ्यावे का?

नाही. त्वचेवर लावण्याचे क्रीम आणि सुईने शरीरात सोडायचे द्रव्य यांत मोठा फरक आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये इंजेक्शनद्वारे दिल्या जाणाऱ्या जीएचके-कॉपरचा समावेश सुरक्षेबाबत चिंता असलेल्या घटकांच्या यादीत केला. ‘फक्त संशोधनासाठी’ असे लिहिलेल्या कुप्या ऑनलाइन मिळत असल्या, तरी त्यांची शुद्धता आणि निर्जंतुकता यांची खात्री नसते. घरी डर्मारोलर फिरवून त्यावर सीरम लावल्यानेही संसर्ग होऊ शकतो.

वापरायचेच असेल, तर काय काळजी घ्यावी?

– बाटलीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत तपासा.

– आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन दिवस पाहा. खाज किंवा लाली आली, तर वापरू नका.

– व्हिटॅमिन सीचे आम्लधर्मी सीरम त्याच वेळी लावू नका. आम्लामुळे तांबे पेप्टाइडपासून सुटू शकते.

– शरीरात तांबे साठण्याचा विल्सन आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

आधी कुठे जावे?

केस तीन महिन्यांहून अधिक काळ गळत असतील, गोल चट्टे पडत असतील किंवा डोक्याची त्वचा लाल होऊन दुखत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. इंदापूर-बारामती परिसरातील रुग्णांसाठी बारामतीचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हा जवळचा सरकारी पर्याय आहे. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड या रक्तचाचण्यांतून बरेच काही कळते. आनुवंशिक गळतीत केसांची मुळे हळूहळू बारीक होत जातात आणि फार उशीर झाला, तर औषधांचाही उपयोग कमी होतो. त्यामुळे सीरमची दुसरी बाटली मागवण्याआधी या तपासण्या करून घेणे फायद्याचे.