निरोपातील पुनर्भेट

कोल्हापुरात घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तोंडून ‘जातो’ निघालेच, तर आजी उंबऱ्यातूनच ‘येतो म्हणावं, बाळा’ असे बजावते. सीमाभागातील आपल्या कन्नड बोलणाऱ्या घरांतही ‘होगि बर्तीनि’, म्हणजे जाऊन येतो, हाच प्रघात आहे. निरोपातच परतीचा शब्द गुंफण्याची ही रीत फ्रेंच भाषेतही आढळते. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे निघालेल्या आपल्या मुलामुलींनी ती समजून घेणे हिताचे ठरेल.

‘ओ रव्वार’ हा सर्वपरिचित शब्द. पुन्हा दर्शन होईपर्यंत, असा त्याचा अर्थ. दुकानदार, प्राध्यापक, शेजारच्या आजी, सर्वांना तो शोभतो. मित्रमंडळींत मात्र काहीसा सोवळा वाटतो. तेथे ‘साल्यु’ म्हणतात. आपल्या ‘जय जिनेंद्र’प्रमाणे तो भेटतानाही चालतो आणि निघतानाही. ‘आद्य्यो’ हा शब्द मात्र जपून वापरावा. दक्षिण फ्रान्सचा अपवाद वगळता त्यात कायमच्या वियोगाची छाया आहे. आजीला न रुचणारा ‘जातो’ तो हाच!

आपल्या ‘येतो’मध्ये काळ सांगितलेला नसतो. फ्रेंच माणूस तो मोजून देतो. काही मिनिटांतच भेटायचे असेल तर ‘आ तू द स्वीत’, त्याच दिवशी थोड्या वेळाने असेल तर ‘आ तूतालर’, संध्याकाळी ‘आ स स्वार’, उद्या ‘आ द्मँ’. ‘आ ब्यँतो’ म्हणजे लवकरच; पण हे ‘लवकर’ दोन दिवसांचे असू शकते, तसे महिन्याचेही. तरुणांचा लाडका ‘आ प्ल्यूस’ हा ‘नंतर भेटू’ याचा संक्षेप. त्यातील शेवटचा ‘स’ स्पष्ट उच्चारायचा. मोबाइलवर तर एक अक्षर आणि बेरजेचे चिन्ह एवढ्यात तो उरकतात.

खरी गफलत पुढे होते. ‘ओं सापेल’, म्हणजे फोनवर बोलूच, असे म्हणून मित्र निघून जातो आणि नवखा मुलगा आठवडाभर फोनकडे डोळे लावून बसतो. परक्या गावी, एकट्या खोलीत, ही उपेक्षा मनाला लागते. वस्तुतः ती उपेक्षा नसते. आपल्याकडील ‘या की एकदा जेवायला’ या आमंत्रणावर कोणी त्याच दिवशी भात चढवत नाही, तसेच हे आहे. आमंत्रण पक्के करायचे तर वार आपणच सुचवावा: ‘सामदी, सा त व्हा?’, शनिवारी चालेल का? वडीलधाऱ्यांना ‘त’ऐवजी ‘वू’; आपल्या तू-तुम्हीचाच तो भेद.

सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पॅरिसमध्ये जूनअखेरीस सूर्य रात्री 10 च्या सुमारास मावळतो, त्यामुळे 8 वाजताचे जेवणही नियमात बसते. डिसेंबरात तो संध्याकाळी 5 च्या आतच अस्ताला जातो. तेव्हा ‘ओं देजन आंसांब्ल?’, दुपारी एकत्र जेवू या का, असे विचारणे सोयीचे. चारच्या खाण्याला, ‘गुते’ला, भेटायचे ठरले, तर तिथल्या केकमध्ये बहुधा अंडे असते. ते चालत नसल्याचे वार ठरवतानाच सांगावे, यजमान बशी पुढे करील तेव्हा नव्हे.