मोठ्या खोंडांचे खच्चीकरण : घ्यावयाची काळजी

खिलार, देवणी, लाल कंधारी या जातींचे गोऱ्हे मान व वशिंड भरेपर्यंत खच्ची न करण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामुळे खोंड दोन दाती, म्हणजे सुमारे अडीच वर्षांचा होईपर्यंत हे काम लांबते. या वयात वृषणाची शीर जाड झालेली असते, वेदना अधिक होतात आणि खोंड आवरणेही कठीण जाते. म्हणून लहान गोऱ्ह्यापेक्षा येथे जास्त काळजी घ्यावी लागते.

दगडाने किंवा दांडक्याने बडविण्याची जुनी पद्धत पूर्णपणे सोडून द्यावी. तीत जनावराचे अतोनात हाल होतात आणि सूज वाढून जनावर दगावण्याचाही धोका असतो. रबरी कडी मोठ्या खोंडाला वापरू नये. पशुवैद्यकाकडून बर्डिझो चिमट्याने खच्चीकरण करून घेणे उत्तम.

खच्चीकरणापूर्वी : जातिवंत, निर्दोष खोंड वळू म्हणून ठेवावयाचा का, हे आधी ठरवावे. आदल्या रात्रीपासून वैरण बंद ठेवावी. भरल्या पोटी जनावर पाडल्यास पोट फुगते. पाडण्यासाठी मऊ, कोरडी जागा निवडावी. शक्यतो हिवाळ्यात व औताच्या हंगामापूर्वी पुरेसे दिवस हाती ठेवून हे काम करावे.

खच्चीकरण करताना : बधिरतेचे इंजेक्शन दिल्यावर औषधाचा परिणाम होईपर्यंत थांबावे. दोन्ही बाजूंच्या शिरा वेगवेगळ्या दाबाव्यात. शीर वृषणाच्या वर, पिशवीच्या कडेला धरून चिमटा मिटावा व अर्धा ते एक मिनिट तसाच ठेवावा. जाड शिरेवर थोडे खाली दुसरा दाब द्यावा. दोन्ही बाजूंचे दाब एका रेषेत येऊ देऊ नयेत. मधली कातडी मोकळी राहिली पाहिजे, नाहीतर पिशवीचा रक्तपुरवठा तुटून ती सडते.

नंतरची काळजी : काही दिवस सूज राहते. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. डायक्लोफिनॅक देऊ नये; गिधाडांना घातक असल्याने जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे. सूज वाढली, पू झाला किंवा जनावराने चारा सोडला, तर ताबडतोब पशुवैद्यकाला दाखवावे.

खच्ची केलेला खोंड त्याच दिवशी निर्बीज होत नाही. साठलेल्या वीर्यामुळे पुढील काही आठवडे गाय गाभण राहू शकते. म्हणून दोन महिने त्याला गायी-कालवडींपासून वेगळा बांधावा. दीड महिन्याने वृषण चाचपून पाहावेत. ते आक्रसले नसतील तर शीर निसटली असे समजून पुन्हा तपासणी करून घ्यावी.