शपथेनंतरचा दुसरा दिवस

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं, की तासाभरात सावनेर येतं. संत्र्याच्या बागा, कोळशाच्या खाणी आणि कोलार नदीचं हे तालुक्याचं गाव. पण मराठी नाटकाच्या इतिहासातही सावनेरचं नाव कायमचं लिहिलं गेलं आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांनी इथंच शेवटचा श्वास घेतला. क्षयानं अंग पोखरलं होतं. वय होतं अवघं ३३ वर्षांचं!

गडकरी म्हणजेच कवी 'गोविंदाग्रज' आणि विनोदी लेखक 'बाळकराम'. जाताना त्यांनी एक नाटक लिहून ठेवलं होतं, 'एकच प्याला'. ते रंगभूमीवर आलेलं पाहणं त्यांच्या नशिबात नव्हतं. त्यांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आतच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला त्याचा पहिला प्रयोग केला. नायिका सिंधूच्या भूमिकेत होते बालगंधर्व.

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, ते या नाटकाची गोष्ट सांगतील. सुधाकर हा हुशार वकील. कोर्टात न्यायाधीशाशी त्याचा खटका उडतो आणि त्याची सनद काही महिन्यांसाठी काढून घेतली जाते. अपमान सहन होत नाही. अशा वेळी त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे दारूचा प्याला धरतो. एकच प्याला! मग काय होतं? वकिली जाते, घर जातं. सिंधूवर दळणं दळून पोट भरायची वेळ येते. शेवटी तान्हं मूल जातं, सिंधू जाते आणि सुधाकरही जातो.

पण या नाटकातली एक जागा फारशी कुणी सांगत नाही. मध्येच एकदा सुधाकरचे डोळे उघडतात. दारू सोडायचा तो निश्चय करतो. अगदी मनापासून! मग काम शोधायला बाहेर पडतो. पण ज्यांना आपलं समजत होता, तेच लोक त्याचा अपमान करतात. झालं! सुधाकर पुन्हा प्याल्याकडे वळतो.

विचार करा बरं, सुधाकरच्या आजूबाजूला चांगली माणसं नव्हती का? होती की! जीव टाकणारी सिंधू होती, कळकळीनं समजावणारा मित्र रामलाल होता. मग कमी काय पडलं? निश्चय केल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी, तोंड कडू झालेलं असताना, शेजारी बसून "मीही यातून गेलोय रे, चल, आजचा दिवस काढू" असं म्हणणारा कुणी नव्हता.

आज असं म्हणणारी माणसं आहेत. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

हॉटेलातला एक फोन

आता सावनेरहून थेट अमेरिकेला जाऊ या. घाबरू नका, परत येणार आहोत!

'एकच प्याला' रंगभूमीवर आल्याला १६ वर्षं झाली होती. मे १९३५ मध्ये बिल नावाचा एक माणूस धंद्याच्या कामासाठी अॅक्रन या गावी गेला. तो शेअर बाजारातला जाणकार. दारूपायी सगळं घालवून बसलेला, पण काही महिन्यांपूर्वीच त्यानं दारू सोडली होती. काम फिसकटलं. परक्या गावात, हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. अगदी सुधाकरसारखीच वेळ!

बारकडे न जाता तो टेलिफोनकडे गेला. यादीतल्या एका पाद्र्याला फोन लावून त्यानं विचारलं, या गावात माझ्यासारखा एखादा दारुडा आहे का? मला त्याच्याशी बोलायचंय. फोनाफोनी होत होत त्याची गाठ पडली डॉ. बॉब नावाच्या सर्जनशी. डॉक्टरसाहेब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि बोलत बसले कित्येक तास! आजवर त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. पण हा माणूस उपदेश करतच नव्हता. तो स्वतःचीच गोष्ट सांगत होता.

१० जून १९३५ रोजी डॉ. बॉबनी शेवटचा प्याला घेतला. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' म्हणजे 'ए.ए.' या संघटनेचा वाढदिवस मानला जातो. अनॉनिमस म्हणजे अनामिक, नाव न सांगणारे. आज जगभर आणि आपल्या नागपूर, पुणे, मुंबईतही त्यांच्या सभा भरतात. या सभेला फी नसते. संघटना बाहेरच्या कुणाची देणगी घेत नाही. सभासदच आपापसात वर्गणी काढून खर्च भागवतात.

गंमत लक्षात आली का? बिल निघाला होता स्वतःला वाचवायला आणि त्यासाठी त्यानं दुसऱ्याला मदत केली. व्यसनमुक्तीच्या कामातला स्वयंसेवक हा असा असतो. देणारा आणि घेणारा एकच!

पुण्यातलं मुक्तांगण

आता महाराष्ट्रात या. १९८०च्या दशकात ब्राऊन शुगर या मादक पदार्थानं तरुण मुलांना विळखा घातला होता. लेखक अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकारानं २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. दारूच्या व्यसनावरही तिथं उपचार होतात.

मुक्तांगणचं मोठं वेगळेपण म्हणजे तिथं काम करणारे बरेच जण एकेकाळी तिथंच रुग्ण म्हणून आले होते. नव्यानं आलेला माणूस थरथरत्या हातानं कपबशी धरतो, तेव्हा समोरच्याला ती थरथर नुसती दिसत नाही, आठवते! घरच्या बायकांसाठीही तिथं 'सहचरी' नावाचा गट आहे. कारण व्यसन एकाला असलं, तरी आजारी पडतं सगळं घर.

स्वयंसेवक करतो तरी काय?

फार मोठं काही नाही, पण सोपंही नाही. सभेच्या खोलीत खुर्च्या मांडतो, चहा करतो. नवा माणूस दाराशी घुटमळत असेल, तर "या, बसा" म्हणतो. एक जण बोलत असताना बाकीचे ऐकतात. मध्ये तोंड घालायचं नाही, अक्कल शिकवायची नाही. तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं, बाहेर बोभाटा करायचा नाही. जुना सभासद नव्याला आपला फोन नंबर देतो आणि सांगतो, "प्यावंसं वाटलं, तर आधी मला फोन कर. रात्री दोन वाजता असला तरी चालेल."

आणि जन्मभराची शपथ तिथं कुणी घ्यायला लावत नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच! उद्याचं उद्या. सुधाकरला हे कुणी सांगितलं असतं तर?

आपल्या नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. 'घेऊन जा गे मारबत' असा पुकारा करत आपण रोगराई गावाबाहेर घालवतो. पण दारू काही एका दिवसाच्या पुकाऱ्यानं जात नाही. तिला रोज, थोडं थोडं घालवावं लागतं. म्हणूनच सोबत लागते.

घरात असेल तर?

आता एक नाजूक गोष्ट. हे वाचणाऱ्यांपैकी एखाद्याच्या घरीच हे दुःख असेल. त्याच्याशी मला तीन वाक्यं बोलायची आहेत. तुझ्या बाबांची दारू तुझ्यामुळे सुरू झालेली नाही. ती तुझ्या ताब्यात नाही. आणि ती बरी करणं हे तुझं काम नाही. तू जास्त मार्क मिळवलेस, शहाण्यासारखा वागलास म्हणून ती सुटेल, असं नसतं. ते मोठ्यांचं आणि डॉक्टरांचं काम आहे. तुझं काम एकच, विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सांगायचं. आजी, मामा, आत्या, वर्गशिक्षिका, कुणीही चालेल. सांगण्यात बाबांची बदनामी नाही. दारूचं व्यसन हा आजार आहे. मात्र आजार आहे म्हणून मारहाण माफ होत नाही, हेही लक्षात ठेव.

१९५७ साली कॅलिफोर्नियातल्या १७ वर्षांच्या एका मुलानं आपल्यासारख्याच मुलांना गोळा केलं. त्याचे वडील ए.ए.चे सभासद होते. त्यातून 'अॅलाटीन' हे मुलांचे गट जन्माला आले. म्हणजे बघ, तू एकटा नाहीस, तेव्हाही नव्हतास!

आईबाबांसाठी थोडंसं

'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती पाहून जेवणात गुपचूप औषध मिसळू नका. ते जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकाएकी दारू बंद केली, तर हात थरथरतात, भास होतात, झटकेही येऊ शकतात. म्हणून सोडायची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं. आणि सुटल्यानंतर पुन्हा एखादा प्याला घेतला गेला, तर 'संपलं सगळं' असं म्हणू नका. पुन्हा सभेला पाठवा.

तुम्ही काय कराल?

• केंद्रातलं काम मोठ्यांचं, पण गावात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम असेल, तर शिक्षकांच्या परवानगीनं खुर्च्या मांडा, फलक रंगवा, पथनाट्य करा.

• रस्त्यात झिंगलेला माणूस दिसला, तर त्याला चिडवू नका. तो कुणाचा तरी बाबा आहे.

• ज्या मित्राच्या घरी त्रास आहे, त्याला खेळात घ्या, घरी अभ्यासाला बोलवा. खोदून विचारू नका. त्याला बोलावंसं वाटेल तेव्हा ऐका.

• हे नंबर वहीत लिहून ठेवा. संकटातल्या मुलांसाठी १०९८. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६. दोन्ही फोन मोफत आहेत.

आणि हो, २३ जानेवारीला गडकऱ्यांची पुण्यतिथी असते. सावनेरच्याच नाही, तर कुठल्याही शाळेला त्या दिवशी 'एकच प्याला'तला एखादा प्रवेश वाचता येईल. वाचून झाल्यावर, दारू सोडलेल्या एखाद्या काकांना चार शब्द बोलायला बोलवा. नाव नाही सांगितलं तरी चालेल. सुधाकरला जो माणूस भेटला नाही, तो तुम्हाला तुमच्या वर्गात, खडूच्या फळ्यासमोर उभा असलेला दिसेल!