आधी जंगल, मग शहर

ताडोबा मंगळवारी बंद असतो. मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांत बुधवारी दुपारची सफारी नसते. मध्य भारतातला मोठा प्रवास आखायला बसले की कोऱ्या कागदावर मी सगळ्यात आधी हे दोन वार लिहिते. मग त्या वर्षीची होळी, महाशिवरात्र आणि फेब्रुवारीतला खजुराहो नृत्य महोत्सव. गावांची नावं, गाड्यांचे नंबर, हॉटेलं हे सगळं त्यानंतर.

ज्या प्रवासाबद्दल लिहितेय त्याचा मार्ग असा: मुंबईहून नागपूर, तिथून ताडोबा, पेंच, कान्हा, मग जबलपूर, बांधवगड, खजुराहो, पन्ना आणि शेवटी वाराणसी. तीन आठवड्यांहून थोडा जास्त काळ. माणसं सहा आणि त्यांतली चार साठीच्या पुढची. सहा हा आकडा सोयीचा आहे, कारण एका जिप्सीत सहाच पर्यटक बसतात. सातवा माणूस आला की दुसरी गाडी, दुसरा गाईड आणि दुसरा परवाना.

घरात आखणी सुरू झाली की प्रत्येकाचं टोक वेगळं असतं. मावशीला काशी आधी हवी होती. काकांचा आग्रह होता की एवढं लांब जातोय तर रोज दोन सफाऱ्या घ्यायच्याच. आईचं म्हणणं एकच: वाटेत कपडे कुठे धुवायचे ते आत्ता सांग. तिन्ही मागण्यांना आखणीत जागा द्यावी लागली आणि आईच्या प्रश्नातूनच प्रवासाचा ताल ठरला. तो कसा, ते पुढे येईलच.

महिना ठरवणं हे पहिलं काम. 1 जुलै ते 30 सप्टेंबर मध्य प्रदेशातली ही उद्यानं पावसाळ्यामुळे बंद असतात. एप्रिल-मेमध्ये झाडोरा विरळ होतो, वाघ पाणवठ्यावर येतात, सायटिंगची शक्यता वाढते. म्हणून वाघासाठीच जाणारे तेव्हा जातात. पण त्या उन्हात नागपूर आणि वाराणसीत सत्तरीतल्या माणसांना फिरवणं बरं नव्हे. डिसेंबर-जानेवारीत कान्ह्याच्या मैदानांत पहाटे गवतावर हिम धरतं आणि गंगेच्या खोऱ्यातल्या धुक्याने रेल्वेचं वेळापत्रक कोलमडतं. दोन्ही टोकं सोडली की उरतो फेब्रुवारीचा मध्य ते मार्चची सुरुवात. पहाटे थंडी असते, दुपार सोसवते आणि पळस फुलायला लागलेला असतो. तेवढे दिवस धरून आम्ही मागे मोजत गेलो.

मागे मोजायचं कारण परवाने. या जंगलांच्या कोअर भागात रोज किती गाड्या सोडायच्या हे प्रत्येक गेटप्रमाणे ठरलेलं असतं आणि ऑनलाइन बुकिंग साधारण चार महिने आधी उघडतं. रेल्वेचं आरक्षणही पूर्वी 120 दिवस आधी मिळायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ती मुदत 60 दिवसांवर आली. या एका बदलाने आखणीचा क्रमच उलटला. पूर्वी तिकीट हातात घेऊन जंगलाचं बघता यायचं. आता जंगलाचे परवाने घेऊन दोन महिने थांबायचं आणि मग तिकिटांना लागायचं. परतीची गाडी तीन आठवड्यांनंतरची, त्यामुळे तिचं आरक्षणही तीन आठवडे उशिरा उघडतं. म्हणून माझ्या कागदावर प्रवासाच्या तारखांच्या खाली दुसरी ओळ असते: कुठलं बुकिंग कोणत्या दिवशी उघडणार त्याची. खरी आखणी ती ओळच असते.

परवान्यासाठी प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लागतो आणि गेटवर मूळ ओळखपत्र पाहिलं जातं. मावशीच्या एका कार्डावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. कोणतं कार्ड सोबत येणार हे आधी ठरवलं आणि त्यावरचं नाव अक्षर न अक्षर तसंच भरलं. हे काम किचकट वाटतं, पण पहाटेच्या अंधारात गेटवर गाड्यांची रांग लागलेली असताना त्याचं मोल कळतं.

परवाना मिळाला की मुक्काम ठरतो. बरेच जण उलटं करतात: छान फोटो पाहून रिसॉर्ट घेतात आणि मग गेट शोधतात. कान्ह्यात ते महागात पडतं. खटिया गेट एका बाजूला आणि मुक्की दुसऱ्या बाजूला. जंगलाला बाहेरून वळसा घालून जायचं तर दीड-दोन तास मोडतात आणि गेट तर सूर्योदयाला उघडतं. म्हणजे उठायचं किती वाजता? म्हणून कान्ह्यातले पहिले दिवस खटियाजवळ आणि नंतरचे मुक्कीजवळ अशी विभागणी केली. बांधवगडला ही अडचण नाही. ताला, मगधी आणि खितौली या तिन्ही झोनसाठी ताला गावातला एकच मुक्काम पुरतो. ताडोब्यात मोहर्ली गेट चंद्रपूरकडून सोयीचं, तर कोलारा नागपूरकडून. नकाशावर एकाच नावाचं हिरवं क्षेत्र दिसतं, पण आखणाऱ्याने नाव गेटचं लक्षात ठेवायचं असतं.

आता पुन्हा त्या दोन वारांकडे. सुट्टीचा वार म्हणजे वाया गेलेला दिवस, असं पहिल्यांदा वाटतं. पण कागद समोर ठेवला की उलगडतं: जंगल बंद असेल तेव्हा आपण रस्त्यावर असावं. ताडोबा रविवार-सोमवार ठेवला आणि मंगळवारी नागपूरमार्गे पेंचच्या तुरिया गेटला गेलो. कान्हा शनिवार ते मंगळवार आणि बुधवारी मंडल्यावरून जबलपूर. बांधवगड रविवार ते मंगळवार आणि बुधवारी पाच-सहा तासांचा खजुराहोचा रस्ता. एकदा हे तीन प्रवास आपापल्या वारांवर बसले की बाकीचे दिवस आपोआप जागेवर येतात. शहरांना सुट्टीचा वार नसतो. जंगलाच्या तारखांमध्ये जिथे फट राहील तिथे शहर बसतं.

नागपूरहून तुरियाला जाताना एक गोष्ट मुद्दाम आखली: तो रस्ता दिवसाउजेडी करायचा. सुमारे 90 किलोमीटरचं अंतर. सकाळी नागपुरात तर्री पोहे खाऊन निघालं तरी दुपारपर्यंत आरामात पोहोचता येतं. राष्ट्रीय महामार्ग 44 इथे पेंचच्या जंगलातून जातो आणि मनसर ते खवासा या टप्प्यात नऊ ठिकाणी रस्ता उचलून खांबांवर घेतला आहे, जेणेकरून जनावरांना खालून जाता यावं. तिथल्या कॅमेऱ्यांत वाघही टिपले गेले आहेत. गाडीतून जाताना वरून काहीच वेगळं जाणवत नाही. नुसता पूल आला आणि गेला, एवढंच. पण खाली काय आहे हे माहीत असलं तर पेंच आणि कान्हा ही दोन तिकिटं राहत नाहीत. सिवनी, बालाघाटच्या जंगलांतून वाघ या दोन ठिकाणांमध्ये ये-जा करतात आणि आपण गाडीने सुमारे 200 किलोमीटरचं जे अंतर कापतो त्याच्या आसपासच त्यांची वाट आहे. म्हणून पेंचहून कान्ह्याला जायचा दिवसही मी मोकळा ठेवला. एक टप्पा उरकला असं म्हणत झोपून काढायचा तो प्रवास नाही.

काकांच्या रोज दोन सफाऱ्यांचा प्रश्न शरीराच्या हिशेबाने सुटला. सकाळच्या सफारीला साडेचारला उठावं लागतं. उघड्या जिप्सीत वारा बोचतो, विशेषतः कान्ह्याच्या सखल मैदानांत रात्रीची थंड हवा साचून राहिलेली असते, तिथे घोंगडी आणि कानटोपीही कमी पडते. अकराच्या सुमाराला बाहेर यायचं आणि तीनच्या आत पुन्हा गेटवर. तीन दिवस असे लागोपाठ काढले की चौथ्या दिवशी माणूस जंगलातच पेंगतो. त्यात मागची सीट. जिप्सीच्या मागच्या चाकांवरच ती असते, खड्ड्याचा प्रत्येक हादरा थेट मणक्यात. पाठीचं दुखणं असलेल्याला ड्रायव्हरच्या लगेच मागची सीट द्यायची आणि ते परवाना काढतानाच ठरवून टाकायचं.

शेवटी ठरलं ते असं: एक दिवस दोन्ही सफाऱ्या, दुसऱ्या दिवशी फक्त सकाळची. मोकळ्या दुपारी मुक्कामाच्या आवारात पक्षी बघत बसायचं. काकांना ते आधी पटलं नव्हतं. पण चितळाचा कॉल आणि वानराचा कॉल वेगळा ओळखता येऊ लागला तो त्या मोकळ्या दुपारींमुळेच, कारण गाईडशी निवांत बोलायला तेव्हाच वेळ मिळाला. सकाळी ऐकलेलं दुपारी विचारता येतं, आणि मग पुढच्या पहाटे कान तयार असतात.

आईच्या प्रश्नाचं उत्तर होतं जबलपूर. सलग तीन जंगलांनंतर शहर लागतंच: कपडे धुवायला, संपलेली औषधं घ्यायला, एटीएमला आणि सात वाजेपर्यंत झोपायला. जंगलातले लॉज महाग असतात, शहरातली खोली स्वस्त पडते, म्हणून विश्रांतीचे दिवस शहरात घेतले तर खर्चही आवरतो. पण जबलपूरला केवळ थांबा म्हणून वागवू नये. भेडाघाटला नर्मदा संगमरवरी कड्यांमधून जाते आणि थोडं वर धुवांधारला ती कोसळते. जंगलात आठवडाभर श्वास रोखून, कुजबुजत काढल्यावर त्या गर्जनेसमोर मोठ्याने बोलायला मिळतं ते फार बरं वाटतं. हे शहर इंग्रजांकडे जाण्याआधी नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होतं. नागपूरहून निघालेल्या मराठी माणसाला तो धागाही इथे सापडतो.

वाराणसी शेवटी ठेवायची की आधी, यावर बराच खल झाला. मावशीचं म्हणणं भावनेचं होतं आणि त्याचा मान ठेवायलाच हवा होता. पण दोन गोष्टी मी तिच्यासमोर मांडल्या. पहिली, महाशिवरात्रीची गर्दी. त्या दिवसांत काशीत वयस्कर माणसांना दर्शनाच्या रांगेत उभं करणं अवघड, म्हणून सण उलटून गेल्यावर पोहोचायचं. दुसरी, तिथे घाई नको. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाईंनी 1780 मध्ये बांधलं. अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट ही सगळी आपली माणसं तिथे ओळीने भेटतात. पुढची सफारी चुकेल या धाकाने घड्याळ बघत ते घाट चालायचे नसतात. प्रवासाच्या शेवटी चार दिवस मिळाले तर सारनाथही निवांत होतं आणि परतीला महानगरी एक्सप्रेस थेट मुंबईला आणते. मावशीने विचार केला आणि म्हणाली, "शेवटी ठेव, पण त्या चार दिवसांत काही कोंबू नकोस." मी तो शब्द पाळला.

खजुराहोला तारखांचा पेच वेगळा होता. नृत्य महोत्सवाच्या आठवड्यात खोल्या मिळणं कठीण होतं. महोत्सव पाहायचा असेल तर तो खुंटा धरून बाकीचं हलवावं लागतं. आम्ही तो टाळला आणि पश्चिमेकडच्या मंदिरसमूहाला एक संपूर्ण सकाळ दिली.

आणि पन्ना. प्रवासाचे दिवस जास्त होताहेत असं दिसलं की सगळ्यांची नजर पहिल्यांदा इथेच जाते. वाघ तर कान्हा-बांधवगडला बघून होतील, मग पन्ना कशाला? मला मात्र पन्ना काढायचं नव्हतं आणि त्याचं कारण मी घरच्यांना सविस्तर सांगितलं.

2009 पर्यंत पन्न्यातले सगळे वाघ संपले होते. शिकारीने जंगल रिकामं केलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये बांधवगडहून एक वाघीण आणली, कान्ह्याहून दुसरी. नोव्हेंबरमध्ये पेंचहून एक नर आणला. वन विभागाच्या नोंदीत तो टी-3. काही दिवसांतच तो पन्ना सोडून दक्षिणेकडे, आपल्या जुन्या जंगलाच्या दिशेने निघाला. महिनाभर तो गावं, शेतं, रस्ते ओलांडत चालत राहिला, चारशेहून अधिक किलोमीटर. वन विभागाची माणसं हत्ती आणि गाड्या घेऊन मागावर होती. डिसेंबरच्या अखेरीस त्याला बेशुद्ध करून परत आणलं आणि एप्रिल 2010 मध्ये बांधवगडच्या वाघिणीला त्याच्यापासून बछडे झाले. आज पन्न्यात पन्नासहून अधिक वाघ आहेत.

पेंच, कान्हा, बांधवगड, पन्ना. आमच्या कागदावरचा क्रम तोच होता. आधीची तीन जंगलं पाहून पन्न्याला पोहोचलं की तिथला प्रत्येक वाघ कुठल्या मातीतून आला ते आपण पाहून आलेलो असतो. असंच नातं कान्हा आणि बांधवगडमध्येही आहे. 2011 मध्ये बांधवगडला कान्ह्यातून गवे आणले, कारण तिथले गवे नाहीसे झाले होते. आणि खुद्द कान्ह्यात 1970 च्या सुमारास फक्त 66 बारशिंगे उरले होते. वन विभागाने गवताळ मैदानं राखली, कुंपण घालून कळप वाढवला, म्हणून आज ते इतर जंगलांना देता येतात. त्यामुळे कान्ह्यात वाघ न दिसलेली सकाळसुद्धा मोकळी गेली असं आमच्यात कुणी म्हणालं नाही. मैदानात बारशिंगे चरत होते आणि ते का आहेत हे सगळ्यांना माहीत होतं.

मोठ्या प्रवासाची आखणी म्हणजे स्थळांची यादी नव्हे, हे मला या कामाने शिकवलं. यादी कुणीही करू शकतं. कुठल्या जागेनंतर कुठली जागा पाहिली म्हणजे दोन्ही अधिक कळतात, हे शोधायला वेळ लागतो आणि तो वेळ द्यावा. जंगलांचे वार आणि परवाने आधी धरा, शरीराला झेपेल तेवढंच घ्या, शहरांना त्यांचा पूर्ण दिवस द्या. आणि दिवस कमी पडले तर आधीच्या जंगलांतली एखादी सफारी कमी करा, पण पन्ना काढू नका. संपलेलं जंगल माणसांनी जिद्दीने पुन्हा उभं केलं, ते बघायला मिळणं ही या मार्गावरची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. तिथल्या दोन दिवसांत वाघ दिसो न दिसो, ते दोन दिवस कागदावर शाईने लिहावेत.