पडद्यावरचा पत्रकार, कळवणचा वार्ताहर

▪ सिंहासन (१९७९) : अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा जब्बार पटेलांचा चित्रपट. निळू फुलेंचा दिगू टिपणीस मंत्रालयातल्या साठमारीचा साक्षीदार. मराठी पडद्यावरचे पत्रकार आजही त्याच्याशी ताडून पाहिले जातात.

▪ दामिनी (१९९७ पासून) : दूरदर्शनवरची पहिली दैनंदिन मराठी मालिका. प्रतीक्षा लोणकर यांनी रंगवलेली निर्भीड पत्रकार घरोघरी पोहोचली.

▪ स्कूप (२०२३) : हंसल मेहतांची वेबमालिका. पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या हत्येच्या खटल्यातून निर्दोष सुटलेल्या पत्रकार जिग्ना व्होरा यांच्या आठवणींवर बेतलेली. इथे बातमीदारच आरोपीच्या पिंजऱ्यात.

▪ कळवणचं राजकारण, म्हणजे तिथल्या वार्ताहराच्या रोजच्या बातम्यांचा विषय : नाशिक जिल्ह्यातला, अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ. २०१४ मध्ये माकपच्या जे. पी. गावितांनी ए. टी. पवारांना हरवलं. मार्च २०१८ मध्ये वनजमिनींच्या हक्कासाठी नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकरी मोर्चाच्या नेत्यांत गावितही होते. २०१९ मध्ये पवारांचे चिरंजीव नितीन पवार यांनी गावितांना पराभूत केलं.

▪ पडद्यावर न दिसणारं : तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजं, मदार जाहिरातींच्या कमिशनवर. ज्या पुढाऱ्याविरुद्ध बातमी द्यायची, त्याच्याच वाढदिवसाची पानभर जाहिरातही आणायची.

मालिकांत पत्रकार विकला तरी जातो, नाहीतर शहीद होतो. रोजची ही ओढाताण लिहायला मात्र पटकथाकार मुंबईबाहेर पडायला हवा.