कोकण रेल्वेचे कर्ज कोणाचे?

कोकण रेल्वे महामंडळाचे भारतीय रेल्वेत विलीनीकरण व्हावे, या प्रस्तावास गोवा, कर्नाटक व केरळ या राज्यांपाठोपाठ २०२५ साली महाराष्ट्र शासनानेही संमती दिली. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम राहावे आणि राज्याने घातलेले भांडवल परत मिळावे, अशा अटी राज्याने पुढे केल्या. नावाविषयीची आस्था समजण्याजोगी आहे. परंतु या निमित्ताने जो प्रश्न चर्चिला जावयास हवा होता, तो बाजूलाच राहिला. पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडणाऱ्या वाहतूकमार्गाचा खर्च कोणी आणि किती मुदतीत भरावयाचा?

१९९० साली महामंडळ स्थापन झाले ते केंद्राच्या तिजोरीत पुरेसा पैसा नव्हता म्हणून. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते व अर्थखाते मधु दंडवते यांच्याकडे होते. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला मोठा भाग करमुक्त रोखे काढून बाजारातून उभारावयाचा, अशी योजना ठरली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरांचा मार्ग, नव्वदाहून अधिक बोगद्यांसह, २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्णपणे खुला झाला. मुंबई-मंगळूर रेल्वेप्रवासाचे अंतर हजार किलोमीटरांहून अधिक घटले. या पराक्रमाचे पोवाडे पुष्कळ गायिले गेले आणि ते योग्यच होते.

हिशेबाची बाजू मात्र तितकी उज्ज्वल नाही. बोगद्याचे आयुष्य शतकाचे असते. रोख्याची मुदत थोड्या वर्षांची. वाहतूक हळूहळू वाढते, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढू लागते. त्यामुळे सुरुवातीची वर्षे महामंडळ व्याजाच्या ओझ्याखाली वाकले, जुने कर्ज फेडण्यास नवे काढावे लागले आणि पुढे भांडवलाची पुनर्रचना करणे भाग पडले. भाडे आकारताना प्रत्यक्षाहून अधिक अंतर धरण्याची मुभा महामंडळास देण्यात आली, ती याच अडचणीपोटी. म्हणजे गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याने तिकिटाबरोबर बोगद्याचाही हप्ता भरावयाचा! हमरस्त्यांवरील टोलनाक्यांचा अपवाद सोडला, तर रस्त्यांच्या बहुतेक खर्चाचा हिशेब वाहनवाल्याकडे असा थेट कोणी मागत नाही.

खरे तर लाभ केवळ तिकीट काढणाऱ्यालाच मिळतो असे नाही. याचे उत्तम उदाहरण महामंडळाने स्वतःच घालून दिले. २६ जानेवारी १९९९ रोजी त्याने ‘रो-रो’ सेवा सुरू केली. मालाने भरलेले ट्रक कोलाडला रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवावयाचे आणि गोव्यात वेर्णा येथे उतरवावयाचे, अशी ही साधी कल्पना. ट्रकमालकाचे डिझेल वाचते, टायरांची झीज थांबते, चालकाला घाटात रात्र जागवावी लागत नाही. शिवाय रस्ता वाचतो. आसावरील भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, साधारण सोळापट होते, असे रस्ते-अभियांत्रिकीचे सर्वमान्य गणित आहे. रेल्वेवर चढलेला प्रत्येक ट्रक अशा रीतीने सार्वजनिक बांधकाम खात्याचा पैसा वाचवितो, पण त्यातला एक पैसाही रेल्वेच्या जमाखात्यात येत नाही. अर्थशास्त्रात यास बाह्य लाभ म्हणतात. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की, ज्याने बचत केली त्याच्याच माथी तोटा लिहिला जातो.

टिकाऊ वाहतूक म्हटली की विजेची इंजिने डोळ्यांपुढे उभी राहतात. संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ साली पुरे झाले, ही समाधानाची बाब खरीच. पण कोकणात टिकाऊपणाची खरी कसोटी पावसाळा घेतो. जून २००३ मध्ये वैभववाडीनजीक दरड कोसळून झालेल्या अपघातात पन्नासाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले; पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ पुन्हा तसाच घात झाला. त्यानंतर डोंगरउतार सौम्य करणे, लोखंडी जाळ्या बसविणे, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवून निराळे वेळापत्रक पाळणे हे उपाय झाले. ही कामे उद्‌घाटनाच्या फितीची नव्हेत. ती दरवर्षी करावी लागतात आणि पैसा कमी पडला की काटछाट प्रथम अशाच कामांवर येते.

दुपदरीकरणाचेही तेच. रोहा ते वीर हे सुमारे ४६ किलोमीटर २०२१ साली दुहेरी झाले. पुढचा जवळजवळ सारा मार्ग एकेरी आहे. एकेरी मार्गावर प्रवासी गाड्या वाढविल्या की मालगाड्या खोळंबतात, आणि रो-रोच्या फेऱ्या वाढवावयाच्या तर प्रवासी गाड्यांना वाट मिळत नाही. दुसरी लोहवाट टाकावयाची तर पुन्हा बोगदे खोदावे लागतील, आणि तो खर्च कर्जबाजारी महामंडळाच्या आवाक्यातला नाही. विलीनीकरणाच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे.

परंतु २०१७ पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्पही राहिलेला नाही. देशभरच्या मागण्यांच्या गर्दीत सह्याद्रीच्या कुशीतल्या एका खर्चिक मार्गाचा क्रमांक कितवा लागेल, याची हमी केवळ विलीनीकरणाने मिळत नाही. वीरच्या दक्षिणेस दुहेरी मार्ग कोणत्या टप्प्यांत होणार आणि पावसाळी सुरक्षिततेसाठी दरसाल वेगळी तरतूद राहणार की नाही, हे महाराष्ट्राने करारातच लिहून घ्यावयास हवे. आपले भांडवल परत मागण्याऐवजी ते याच कामांत घालण्याची तयारी राज्याने दाखविली, तर दिल्लीकडे ही मागणी अधिक जोराने करता येईल.